न झाडलेल्या गोळीलाही गुण हवेत

मनुष्याचा प्राण घेण्याचा अधिकार न्यायासनालाही प्रदीर्घ चौकशी, साक्षीपुरावे आणि अपिलांची उतरंड ओलांडल्यावाचून वापरता येत नाही. परंतु पोलीस शिपायाच्या कमरेला शासन जेव्हा पिस्तूल बांधते, तेव्हा तोच अधिकार प्रसंगी अर्ध्या सेकंदात वापरण्याची मुखत्यारी ते त्याला देत असते. इतक्या थोर मुखत्यारीची तयारी मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिरस्त्याने होत आली आहे. नेमून दिलेल्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर जायचे, मोजून दिलेली काडतुसे घ्यायची, मातीच्या बांधापुढे रोवलेल्या निशाणावर ती हुकमासरशी झाडायची आणि किती छिद्रे वर्तुळाच्या आत पडली याची नोंद दफ्तरी करून बराकीत परतायचे, असा हा शिरस्ता आहे. ते निशाण हलत नाही, लपत नाही, उलट गोळी झाडत नाही. आणि मजवर गोळी झाडावी की झाडू नये, हा जो शस्त्रधारी मनुष्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न, तो तर ते कधीच विचारीत नाही.

हा प्रश्न विचारणारी निशाणे घडविण्याचा उद्योग परदेशांत गेली सत्तर वर्षे चालू आहे. अमेरिकेच्या लष्कराने १९५०च्या दशकात ‘ट्रेनफायर’ नावाची पद्धत आणली आणि ठराविक अंतरावरच्या वर्तुळांऐवजी झुडपांतून अवचित उभ्या राहणाऱ्या व गोळी लागताच आडव्या होणाऱ्या मानवाकृतींवर शिपायांचा सराव सुरू केला. १९८७ साली एफबीआय या संघीय तपासयंत्रणेने क्वांटिको येथील आपल्या प्रबोधिनीत ‘होगन्स ॲली’ नावाचे एक कृत्रिम नगर वसविले. बँक, टपालकचेरी, उपाहारगृह असे सारे तिथे असून गुन्हेगार, साक्षीदार आणि वाटसरू यांच्या भूमिका वठविण्यासाठी नट नेमलेले असतात. सिडनीच्या मॅरेथॉन रोबोटिक्स या संस्थेने याहून पुढे जाऊन चाकांवर चालणारे पुतळे बनविले. ते माणसाच्या गतीने फिरतात आणि त्यांतल्या एकाला गोळी लागली की उरलेले पांगून आडोसा गाठतात. पोलिसांच्या सरावासाठी याच जातीची साधी यंत्रे निघाली आहेत. कोणी रुळावरून आडवे धावते, कोणी भिंतीआडून डोकावते, तर कोणी गर्रकन वळून आपली दुसरी बाजू दाखविते. एका बाजूच्या चित्रातील मनुष्याच्या हाती पिस्तूल असते आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच मनुष्याच्या हाती भ्रमणध्वनी असतो. कोणती बाजू केव्हा आणि किती क्षण दिसावी, हे संगणकाच्या आज्ञावलीत आधी लिहून ठेवता येते, आणि गोळी कोठे लागली, किती वेळाने लागली, याची नोंद निशाण स्वतःच करते.

या यंत्रांचे वर्णन करताना त्यांचे विक्रेते बहुधा नेमबाजीतील अचूकतेवर भर देतात, आणि तो भर अनाठायी आहे असे नाही. पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर वेगाने जाते असे धरले, तर पंधरा मीटर अंतर कापण्यास तिला सेकंदाचे सुमारे चार शतांश भाग लागतात. तेवढ्या अवकाशात सेकंदाला पाच मीटर धावणारा मनुष्य सुमारे वीतभर पुढे गेलेला असतो. परंतु डोळ्यांनी पाहून बोटाने घोडा ओढण्यास साधारणपणे पाव सेकंद जातो, आणि तेवढ्यात हाच मनुष्य सव्वा मीटर अंतर तोडून जातो. म्हणजे खरा विलंब बंदुकीच्या नळीत होत नाही, तो मनुष्याच्या मेंदूत होतो. आणि स्थिर निशाणावर आयुष्यभर सराव केला तरी या विलंबाशी शिपायाची गाठ पडत नाही. ती पहिल्यांदा पडते ती भर वस्तीत, आणि तिथे चुकलेली गोळी बांधाच्या मातीत जाऊन विसावत नसते.

तथापि अचूकता हा या विषयाचा अर्धाच भाग आहे, आणि माझ्या मते तो धाकटा अर्धा आहे. उट्रेख्टचे डच शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स डोंडर्स यांनी १८६८ साली असे दाखवून दिले होते की, खूण दिसताच हात हलविण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून खूण कोणती आहे हे ओळखून हात हलवावा की न हलवावा हे ठरविण्यास अधिक वेळ लागतो. ओळखणे आणि निवडणे ही मनाची कामे असून त्यांना काळ लागतो, हा त्या प्रयोगांचा निष्कर्ष. चांदमारीच्या मैदानावर आपण शिपायाला खूण दिसताच हात हलविण्याच्याच कामात तरबेज करतो. त्याला हुकूम मिळतो आणि तो गोळी झाडतो. त्याच्या स्नायूंना असे वळण लागते की निशाण दिसणे आणि घोडा ओढणे यांच्या मधली विचाराची जागा उत्तरोत्तर आकसत जावी. रस्त्यावर मात्र त्याच्या सद्‌सद्विवेकाची सारी कसोटी नेमकी त्याच जागेत लागायची असते.

ही जागा आकसली की काय घडते, याचे उदाहरण न्यूयॉर्कने जगाला दिले आहे. ४ फेब्रुवारी १९९९च्या मध्यरात्रीनंतर ब्राँक्स भागात गिनी देशातून आलेला अमादू डायलो हा तेवीस वर्षांचा तरुण आपल्या घराच्या दारात उभा असताना साध्या वेशातील चार पोलिसांनी त्याला हटकले. त्याने खिशातून काळसर काहीतरी बाहेर काढताच ते पिस्तूल आहे अशा समजुतीने चौघांनी मिळून एकेचाळीस गोळ्या झाडल्या, आणि त्यांपैकी एकोणीस त्याला लागल्या. त्याच्या हाती निघाले ते पैशांचे पाकीट. पुढल्या वर्षी ज्यूरीने चारही पोलिसांना निर्दोष ठरविले. कायद्याने त्यांच्या पारड्यात काय टाकले हा प्रश्न निराळा. माझ्यापुढे प्रश्न आहे तो त्यांच्या प्रशिक्षणाचा. निशाणावर छिद्रे पाडण्याचे शिक्षण घेतलेल्या या चार माणसांना, अंधाऱ्या दारातील एका हाताकडे पाहून पाकीट आणि पिस्तूल यांतील भेद ओळखण्याचे आणि तो ओळखेपर्यंत बोट थोपविण्याचे शिक्षण कितीसे मिळाले होते? याच शहराच्या पोलिसांविषयी रँड या संशोधनसंस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले की, प्रत्यक्ष गोळीबाराच्या चकमकींत त्यांच्या सरासरी शंभरांपैकी अठराच गोळ्या लक्ष्यावर लागत होत्या. मैदानावरील परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसांची ही स्थिती पाहता, मैदान आणि रस्ता यांच्यातील अंतर किती मोठे आहे, हे निराळे सांगावयास नको.

डायलोच्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत या प्रश्नाचा पाठपुरावा केला. जोशुआ कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पडद्यावर क्षणभर एक पुरुष दिसे. त्याच्या हाती कधी पिस्तूल, तर कधी पाकीट किंवा भ्रमणध्वनी असे, आणि पाहणाऱ्याने कळ दाबून गोळी झाडावी की न झाडावी हे ठरवावयाचे असे. सामान्य माणसे निःशस्त्र श्वेतवर्णीयापेक्षा निःशस्त्र कृष्णवर्णीयावर अधिक वेळा गोळी झाडीत, असे त्यातून निष्पन्न झाले. २००७च्या अभ्यासात त्यांनी हीच परीक्षा डेन्व्हरच्या पोलिसांची घेतली. वर्णभेदाचा संस्कार त्यांच्याही प्रतिसादाच्या वेगात दिसला. परंतु अंतिम निर्णयात ते सामान्य नागरिकांहून पुष्कळच सावध आणि अचूक ठरले. या निष्कर्षात मला मोठा आशेचा भाग दिसतो. पूर्वग्रह मनातून निपटून निघेपर्यंत वाट पाहण्याची सवड कोणत्याही समाजाला नसते. पण पूर्वग्रह आणि बोट यांच्या मध्ये सरावाने विवेकाचा बांध घालता येतो, याचे हे प्रमाण आहे.

म्हणूनच हलत्या निशाणांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी एक गंभीर शंकाही उपस्थित करतो. यंत्र तेच शिकविते, जे त्याच्या आज्ञावलीत लिहिलेले असते आणि ज्याला गुणपत्रकात गुण असतात. दहांपैकी नऊ वेळा निशाणाच्या हाती शस्त्रच दिसणार असेल, तर शिपाई दहाव्या वेळीही गोळी झाडील, आणि त्याने तसे करणे हा त्याच्या शिक्षणाचा स्वाभाविक परिणाम असेल. तोच प्रसंग त्याच क्रमाने वारंवार येणार असेल, तर प्रश्नपत्रिका आधीच पाठ असलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे शिपाई उत्तर बिनचूक देईल आणि विषयात कोराच राहील. याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे निशाणावरील चेहऱ्यांची निवड. धोकादायक म्हणून दाखविलेली सर्व चित्रे एकाच प्रकारच्या पेहरावाची, दाढीची वा वर्णाची असतील आणि निरुपद्रवी म्हणून दाखविलेली सर्व चित्रे दुसऱ्या प्रकारची असतील, तर ते यंत्र धोका ओळखावयास शिकविणार नाही. ते पूर्वग्रहालाच कवायत शिकवील आणि त्याला सरकारी मोहोर लावील. अनेक धर्म, अनेक जाती आणि अनेक वेश एकत्र नांदणाऱ्या आपल्या राज्यात ही दक्षता सर्वांहून अगत्याची आहे. शिपायाची नजर हातांकडे जावी. चेहऱ्याकडे आणि टोपीकडे जाऊ नये.

महाराष्ट्राला या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा दारुण अनुभव आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर दोन हल्लेखोर स्वयंचलित रायफलींनी प्रवाशांना टिपीत होते, तेव्हा काही पोलिसांच्या हाती जुन्या .३०३ रायफली, तर अनेकांच्या हाती नुसत्या लाठ्या होत्या. आणि पळणाऱ्या गर्दीतून हलत्या हल्लेखोराला वेगळे ओळखून त्याच्यावर नेम धरण्याचा प्रसंग स्थिर निशाणावरच्या सरावात कधी येतच नाही. पुढे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने दारूगोळ्याच्या टंचाईमुळे गोळीबाराच्या सरावाची हेळसांड झाल्याचे नमूद केले. जिथे काडतुसाचीच वानवा, तिथे आज्ञावलीवर चालणाऱ्या निशाणांची मागणी अनेकांना चैनीची वाटेल. परंतु संयमाचे मोलही त्याच रात्री दिसले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्या दोघांपैकी एका हल्लेखोराच्या रायफलीची नळी स्वतःच्या देहावर रोखून धरली, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हल्लेखोराला जागीच संपविण्याचा मोह आवरून जिवंत पकडले. त्या संयमामुळेच या हल्ल्यामागील कटाचा पुरावा न्यायालयापुढे उभा राहू शकला. त्या रात्रीच्या शौर्याचा गौरव आपण यथायोग्य केला. त्यातील संयमाचा गौरव करावयाचे अद्याप बाकी आहे.

दुसरी बाजू याच मुंबईची आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या नव्व्याण्णव चकमकींत सुमारे एकशे पस्तीस माणसे मारली गेली. त्या प्रकरणी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सोळा निर्देश दिले. स्वतंत्र तपास आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकरवी चौकशी हे तर त्यांत होतेच, पण चकमकीनंतर लगोलग शौर्यपुरस्कार किंवा मुदतपूर्व बढती देऊ नये, असेही न्यायालयाने बजावले. या निर्देशामागची दृष्टी मोठी मार्मिक आहे. ज्या गोष्टीला खाते बक्षीस देते, ती गोष्ट खात्यात वाढते. चांदमारीच्या मैदानालाही हाच न्याय लागू पडतो. तिथे गुण फक्त झाडलेल्या गोळीला मिळत असतील, तर मैदानाबाहेरही गोळीच झाडली जाईल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानीत नाही. शिपायाला विचार करावयास शिकवाल तर तो कचरेल, आणि कचरलेला शिपाई प्राणाला मुकेल, असे अनुभवी अधिकारी सांगतात. त्यांच्या सांगण्याला आधार आहे. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली असे दाखविले होते की, एकवीस फुटांवरचा सुराधारी मनुष्य सुमारे दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो, आणि म्यानातले पिस्तूल काढून झाडण्यासही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आपले कुटुंब मागे ठेवून ड्यूटीवर जाणाऱ्या हवालदाराच्या जिवाची किंमत कोणाच्याही जिवाहून कमी नाही. परंतु कचरणे आणि ओळखणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ज्याने पूर्वी असा प्रसंग पाहिलेला नाही, तो कचरतो. ज्याने तो सरावात नाना रूपांनी शेकडो वेळा पाहिला आहे, तो ओळखतो, आणि ओळखणाऱ्याचे बोट गरज पडते तेव्हा अधिक लवकर चालते. हलत्या निशाणासमोर घेतलेले शिक्षण शिपायाला दुबळे करीत नाही. ते त्याच्या भीतीला भलत्या दिशेने फुटू देत नाही. शिवाय आडोसा घेणे, अंतर राखणे, मोठ्याने हाक देऊन इशारा करणे, ही कृत्येही याच सरावाचा भाग झाली, तर निर्णयासाठी लागणारे दोन-चार क्षण त्याला स्वतःच मिळविता येतात.

तेव्हा शासनाने अशा यंत्रांच्या खरेदीची तजवीज करताना निविदेतच काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिली गोष्ट, सरावातील निदान निम्मे प्रसंग असे असावेत की ज्यांचे बरोबर उत्तर गोळी न झाडणे हेच आहे, आणि त्या उत्तराला अचूक नेमाइतकेच गुण असावेत. निःशस्त्र निशाणावर झाडलेली एक गोळीही अनुत्तीर्ण ठरण्यास पुरेशी मानावी. दुसरी गोष्ट, प्रसंग आपल्या वस्त्यांचे असावेत: चाळीचा जिना, लोकलचा फलाट, आठवडी बाजार, वीज गेलेली गल्ली. चित्रांची निवड पोलीस अधिकाऱ्यांच्या जोडीला कायद्याचे आणि मानसशास्त्राचे जाणकार यांनी मिळून करावी. तिसरी गोष्ट, ही यंत्रे फोर्स वन या कमांडो पथकासारख्या निवडक दलापुरतीच राखून ठेवू नयेत. रात्रपाळीच्या बंदोबस्तावर सर्वांआधी संकटाशी गाठ पडते ती पोलीस ठाण्यातल्या साध्या शिपायाची. चौथी गोष्ट, प्रत्येकाच्या सरावाची नोंद जतन करावी आणि चुकणाऱ्याला शिक्षा देण्याआधी पुन्हा शिकवावे.

या सर्वाला खर्च आहे आणि वेळही आहे, हे उघड आहे. परंतु ज्या राज्याने आपल्या शिपायाच्या हाती प्राण घेण्याचे साधन दिले, त्या राज्यावर ते साधन केव्हा आवरावे हे शिकविण्याचे ऋण आपोआप येते, आणि अंदाजपत्रकात जागा नाही या सबबीवर ते ऋण बुडविता येत नाही. पोलिसाचे सामर्थ्य त्याच्या नेमात जेवढे असते, तेवढेच त्याने रोखून धरलेल्या बोटातही असते. गुणपत्रकात दोहोंची नोंद सारख्याच अक्षरांनी होऊ लागेल, तेव्हाच या यंत्रांवर खर्च झालेला प्रत्येक रुपया शिपायाच्या आणि नागरिकाच्या, अशा दोघांच्याही रक्षणासाठी खर्च झाला असे म्हणता येईल.