स्वादुपिंडाची गाठ : तुकडा काय सांगतो?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे 17 मार्च 2019 रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. तेव्हापासून या आजाराची धास्ती आपल्याकडे जास्तच बसली. मंगळवार पेठेत काय किंवा पणजीत काय, सोनोग्राफीच्या कागदावर ‘स्वादुपिंडात गाठ’ एवढे दिसले, की घरचे धीर सोडतात.

पण या गाठी एका जातीच्या नसतात. पाचकरसाच्या नळ्यांतून होणारा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि तो झपाट्याने वाढतो. इन्सुलिनसारखी संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची न्यूरोएंडोक्राइन गाठ विरळा आणि बहुधा संथ. ‘अॅपल’च्या स्टीव्ह जॉब्ज यांना 2003 मध्ये डॉक्टरांनी आधी काही महिन्यांचीच मुदत सांगितली होती. मग घशातून दुर्बीण घालून सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ही दुसरी जात निघाली. जॉब्ज 2011 पर्यंत जगले. त्याहून विरळा ‘सॉलिड स्यूडोपॅपिलरी’ गाठ मुख्यतः तरुण मुलींना होते. ती पूर्ण काढली तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

सीटी स्कॅनमध्ये गाठ केवढी, कुठल्या रक्तवाहिनीला चिकटली हे कळते. जातीची खात्री मात्र तुकडाच देतो. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, पातळ काप काढून रंगवतात. अडचण अशी, की या दोन्ही विरळा गाठी काचेवर सारख्या दिसू शकतात. म्हणून खास रंगचाचण्या करतात. क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन ठळक उमटले तर न्यूरोएंडोक्राइन. बीटा-कॅटेनिन पेशीच्या केंद्रकात दिसले तर स्यूडोपॅपिलरीकडे बोट. न्यूरोएंडोक्राइन गाठीत ‘केआय-67’ हा आकडाही लागतो : 3 टक्क्यांखाली गाठ संथ, 20 च्या वर आक्रमक. औषध कोणते, हे बरेचसे त्यावर ठरते. चाचण्यांचा खर्च वाढतो खरा, पण चुकीच्या जातीवर केमो देण्यापेक्षा तो परवडला.

सुईत पेशी कमी आल्या तर रिपोर्ट ‘निश्चित सांगता येत नाही’ असा येतो. त्याचा अर्थ कर्करोग नाही असा नव्हे. तुकडा पुन्हा घ्यावा लागू शकतो. शंका असेल तर लॅबकडून ठोकळा आणि काचा मागून घ्याव्यात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्या पुन्हा तपासून घेता येतात.

गाठ सहज निघण्यासारखी असेल, तर सर्जन आधी तुकडा न घेता थेट शस्त्रक्रियाही सुचवतात. ते योग्यच असते. मग काढलेली अख्खी गाठ तपासणीला जाते, आणि पुढचे उपचार त्या रिपोर्टवर ठरतात.