निकालपत्र हाती आले, पण ते वाचणार कोण?

नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच सुनावली. पुढे त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतला, अपिले नव्याने ऐकली आणि 5 मार्च 2019 रोजी सगळ्यांना निर्दोष सोडले.

नवा पुरावा सापडला नव्हता. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते. तो जबाब खटल्याच्या कागदांतच होता. त्या चौघांना कोणी पकडले नाही आणि या सहा जणांची 16 वर्षे गेली.

नंदुरबारने हे प्रकरण परक्याचे समजू नये. इथे दहांतली जवळपास सात माणसे आदिवासी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भिली, पावरी बोलतात. जबाब आणि दोषारोपपत्र मराठीत, वरच्या कोर्टाचे कामकाज इंग्रजीत. उच्च न्यायालयात अपील करायचे तर खंडपीठ थेट छत्रपती संभाजीनगरला.

कायद्यात हक्कांची वाण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत द्यावी, अपिलासाठी वकील द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात सांगितले.

पण वकील नेमला म्हणजे बचाव झाला असे नाही. सातपुड्यापलीकडच्या खंडव्यात 2013 मध्ये एका आदिवासी तरुणाला ज्या दिवशी सरकारी खर्चाने वकील मिळाला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. तेरा दिवसांत फाशी! 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला सांगितला. अखेर 2024 मध्ये तो निर्दोष सुटला, तोवर अकरा वर्षे उलटली होती.

म्हणून नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पहिल्या रिमांडपासून भिली-पावरी जाणणारा वकील किंवा दुभाषा द्यावा. वकिलाने सुनावणीआधी तुरुंगात जाऊन अशिलाला भेटावे आणि त्या भेटीची नोंद राहावी. शिक्षा लागली की खटल्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या अनुभवी वकिलाने जबाबापासून निकालापर्यंत सगळे कागद वाचावेत. या कामाला पुरेसे मानधन हवे. पदरमोड करून असे काम वर्षानुवर्षे चालत नाही.

नाशिकच्या सहा जणांना न्यायालयाने प्रत्येकी 5 लाख रुपये देववले. अशा भरपाईचा कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात केली आहे. तो कायदा करण्याची मागणी नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात आणि संसदेत लावून धरावी.