रक्तात ताल, मस्टरवर अकुशल

मी गोदीत माल उचलतो. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, जलशात कोरसला उभा राहतो. दोन वर्षांमागं गिरगावातल्या एका क्लासात पेटी शिकायला गेलो. गुरुजींनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, राहायला कुठं ते विचारलं. मग गोड हसून म्हणाले, "अहो, तुम्हा लोकांच्या रक्तातच ताल असतो. तुम्हाला आम्ही काय शिकवायचं?" मी येडा, खूश होऊन जिना उतरलो. लालबागला बसमधून उतरल्यावर ट्यूब पेटली. च्यायला, यानं आपल्याला घेतलंच नाही की!

दोस्तांनो, ही तारीफ नव्हे, कडी आहे. दाराला आतून लावलेली.

याच गिरगावात, ऑपेरा हाऊसजवळ, बी. आर. देवधरांची संगीतशाळा होती. तिथं अकरा-बारा वर्षांचे कुमार गंधर्व शिकायला आले. त्याआधीच हा पोरगा रेकॉर्डी ऐकून भल्याभल्या उस्तादांचं गाणं हुबेहूब गात होता. निसर्गदत्त म्हणायचं तर त्याच्याहून कुणाला म्हणणार? पण त्याला कुणी म्हटलं नाही, की बाळ, तुझ्या रक्तातच आहे, घरी जा. उलट वर्षानुवर्षं शिकवलं. देवधरांना त्याबद्दल सलामच. माझा सवाल एवढाच : एकाची प्रतिभा दिसली की दार उघडतं आणि दुसऱ्याची दिसली की बंद होतं, हे कसं?

आता अण्णाभाऊ घ्या. दर 1 ऑगस्टला भाषणं होतात. दीड दिवसाची शाळा, आणि तरी केवढं साहित्य! त्या 'तरी'नं माझं डोकं फिरतं. वाटेगावचा तो माणूस बापू साठ्यांच्या तमाशाच्या फडात राबला, मुंबईत गिरणीत राबला, चळवळीत राबला. 1944 साली अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाच्या गणातला गणपती काढून तिथं मातृभूमीला, हुतात्म्यांना मुजरा घातला. गवळण उडवली. कुठली खुंटी काढली तर घर पडत नाही, हे घर बांधणाऱ्यालाच कळतं. 1959 ची 'फकिरा' काय झोपेत लिहिली? फड ही शाळा नव्हती काय? वामनदादा कर्डक जाणते होईपर्यंत निरक्षर होते. मुंबईत अक्षरं शिकले, रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरांशी झुंजले. ही मेहनत पुसून वर 'दैवी देणगी'चं लेबल लावायचं. देव तरी कशाला आणता मध्ये? आम्ही सोडलाय त्याला.

माझ्या मस्टरवर लिहिलंय 'अकुशल'. लोखंडाच्या कॉईलला साखळी कुठं अडकवायची, क्रेन उचलताना कुठं उभं राहायचं नाही, हे मला एका जुन्या गड्यानं सहा महिने शिव्या घालत शिकवलं. चुकलो असतो तर पाय गेला असता. पण सर्टिफिकेट नाही, म्हणून अकुशल. आणि रात्री स्टेजवर चढलो की 'उपजत कलावंत'. दोन्हींचा हिशेब एकच : याला कुणी शिकवलं नाही, याचे जास्त पैसे लागत नाहीत. उपजत माणसाला नारळ देतात, शाल देतात. मानधन विशारदाला.

पण आपल्यातही घाण आहे, ती झाकणार नाही. आमच्या ग्रुपातला एक पोरगा दादरला नोटेशन शिकायला जायला लागला. आम्ही त्याला 'पंडितजी, पंडितजी' करून इतका पिडला, की त्यानं क्लास सोडला. मी पण होतो त्यात. आज लाज वाटते. "आपल्याला रियाजाची गरज नाय, आपल्या आत आग आहे," असं म्हणणारे कवी मला रोज भेटतात. मीही परवापरवापर्यंत त्यातलाच. अरे, हलगीसुद्धा जाळावर किती शेकायची याला अक्कल लागते. जास्त शेकली तर कातडं फाटतं, कमी शेकली तर बोलत नाही.

त्यांचे क्लास आपल्याला पाहिजेत, फी भरून, पुढच्या बाकावर बसून. आणि आपल्या फडांना शाळा म्हणायला लावायचंय. मला दोन्ही पाहिजे.

तूर्त मी नायगावात एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याकडं जातो. पाळी सुटली की तसाच, घामेजलेला. बोट चुकलं की तो बोटावर पट्टी हाणतो. रक्तबिक्त काय बोलत नाही. आणि फी घेतो, पहिल्या तारखेला, रोख.