अनेकांच्या कंठातील चाल

चित्रपटातील गाणी मुलांच्या कानांवर पडू द्यावीत की न द्यावीत, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत तीन पिढ्यांपासून चालत आला आहे. आजोबांच्या काळी तबकडी होती, पुढे नभोवाणी आली, आणि आता तर गाणे प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात येऊन बसले आहे. वडील माणसे म्हणतात, या गाण्यांनी खऱ्या संगीताची गोडी नासली. तरुण म्हणतात, रागदारी आम्हांस कळत नाही, त्याला आम्ही काय करावे? या वादात उभय पक्षांनी ज्यांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे, असे एक संगीत-दिग्दर्शक आपल्याच पुणे जिल्ह्यात जन्मले. ते मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर होत.

त्यांचा जन्म 20 जानेवारी 1898 रोजी आळंदी येथे झाला. जुन्नर-आंबेगावकडील आमच्या वाचकांस आळंदी परकी नाही. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे सांगतात, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला दाखवितात. या मुलखाचे घरचे गाणे म्हणजे भजन. एकाने चरण म्हणावा आणि शंभरांनी तो उचलावा, ही त्याची रीत. उचलणाऱ्यांस स्वरज्ञान असलेच पाहिजे असे नाही. चाल मात्र उचलता येण्याजोगी हवी. मास्तरांच्या कार्याचे मर्म याच गोष्टीत आहे, असे आम्हांस वाटते.

बालवयात नाटकमंडळीत नाव झाल्यावर त्यांना भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली. बुवांचे घर म्हणजे त्या काळचे संगीताचे विद्यापीठच. बालगंधर्वही त्यांचेच शिष्य. 1922 साली बुवा निवर्तले आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना चाली देण्याचे काम कृष्णरावांकडे आले. 1931 सालच्या ‘कान्होपात्रा’ नाटकाचे संगीत त्यांचेच. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात गायक-नटाने एक पद मनसोक्त आळवावे आणि रसिकांनी ते पुन्हा मागावे, असा तो जमाना होता.

तो जमाना बोलपटाने हटविला. 1933 साली प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि 1935 च्या ‘धर्मात्मा’पासून मास्तर तिचे संगीतकार झाले. ‘अमरज्योति’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशी चित्रांची माळ मागोमाग आली. येथे अडचण निराळी होती. मैफलीत जो राग तासभर फुलवावा, तो आता तीन-चार मिनिटांत उभा करावयाचा. विस्ताराला जागा नाही, तानेला वेळ नाही. आणि ऐकणारा कोण, तर रागाचे नावही ठाऊक नसलेला माणूस. अशा वेळी ज्याची तालीम कच्ची तो राग सोडून देतो. मास्तरांनी रागाचे ओळखीचे मोजके स्वर मुखड्यात ठेवले, शब्द ठळक केले, आणि बाकीचे वैभव आवरून धरले. हे आवरून धरणे हेच कठीण. ज्याच्यापाशी पुष्कळ असते त्यालाच थोडक्यात देता येते.

‘माणूस’मधील शांता हुबळीकरांचे अनेक प्रांतांच्या भाषांतील गाणे आजही म्हटले जाते. 1941 सालच्या ‘शेजारी’त हिंदू व मुसलमान असे दोन वृद्ध मित्र धरणाच्या निमित्ताने दुरावतात, आणि अखेरीस ते धरण फुटत असता एकत्रच प्राण सोडतात. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव गेलेले ज्यांना ठाऊक आहे, त्यांना धरणाने गाव दुभंगण्याचे दुःख सांगावयास नको. त्याच चित्रातील समूहगीत म्हणजे एका गवयाने साऱ्या गावाच्या गळ्यासाठी बांधलेली चाल होय. 1944 साली ‘भक्तीचा मळा’त तर मास्तर स्वतःच सावता माळी होऊन पडद्यावर आले.

याच विद्येची खरी कसोटी पुढे ‘वंदे मातरम्’च्या वेळी लागली. परकीय अमदानीत मुंबईच्या नभोवाणीवर त्यांनी ते गावयास घेताच प्रक्षेपण तोडण्यात आले. त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला. तो स्वातंत्र्य उगवेपर्यंत सुटला नाही. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा विचार सुरू झाला, तेव्हा हे गीत समूहाला एकसुरात गाता येणार नाही व लष्करी वाद्यवृंदावर वाजणार नाही, असा आक्षेप निघाला. मास्तर नुसते रागावले नाहीत. त्यांनी झिंझोटी रागात सरळ, समान लयीची, मींडेवर न विसंबणारी चाल बांधली, वाद्यवृंदाकडून ती बसवून घेतली आणि दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे ऐकविली. 24 जानेवारी 1950 रोजी निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूने लागला, ‘वंदे मातरम्’ला समान मानाचे स्थान मिळाले. मास्तरांचा हेतू पुरता सफल झाला नाही. पण आक्षेपाला कामाने उत्तर कसे द्यावे, याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला.

पुढे 1956 साली डॉ. आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला स्वर दिले. आळंदीत जन्मलेल्या या गवयाची चाल अशा रीतीने, ज्यांना मैफलीच्या दारातही कोणी येऊ दिले नव्हते, त्यांच्या प्रार्थनेत गेली. 1971 साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 20 ऑक्टोबर 1974 रोजी ते निवर्तले.

मग मुलांना चित्रपटाचे गाणे ऐकू द्यावे काय? आमचे उत्तर असे की, अवश्य द्यावे. पण घरात एक तंबोरा किंवा निदान पेटी असावी, आणि आवडलेल्या गाण्याचे स्वर मुलाने तिच्यावर शोधावेत. शोधता शोधता राग आपोआप भेटेल. वडील मंडळींनीही एक करावे: गाणे चित्रपटाचे आहे एवढ्यावरून त्याला हलके म्हणू नये. मास्तरांसारख्यांनी जन्मभराची विद्या त्या चार मिनिटांत ओतली आहे. ती ओळखण्याइतका कान आपला तयार आहे की नाही, एवढे आधी पाहावे.