घरी सोडल्यानंतरचे दोन आठवडे

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य



महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे हार्ट अटॅकच्या कितीतरी गरीब रुग्णांना अँजिओप्लास्टी मिळाली. तालुक्यात फिजिशियन म्हणून मी हे पाहतो आणि त्याचे मोल जाणतो. हे पत्र स्टेंट टाकल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

हृदयाच्या पुढच्या भिंतीला मोठा झटका बसला की डाव्या कप्प्याचे टोक हलायचे थांबते. रक्त तिथे रेंगाळते, आतले अस्तर दुखावलेले असते आणि तिथे गुठळी धरते. उशिरा पोहोचलेल्यांना हा धोका जास्त. आणि आमच्याकडे माणूस ‘पित्त झालंय’ म्हणत अख्खी रात्र काढतो. गुठळी बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते. टू-डी इको मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवशी होतो आणि थोड्याच दिवसांत रुग्णाला घरी सोडतात. रिपोर्टमध्ये गुठळी नसते, कारण तेव्हा ती झालेलीच नसते. पुढे ती सुटून मेंदूत गेली की लकवा, पायात गेली तर पाय गमावण्याची पाळी. ‘स्टेंट टाकूनही असं कसं झालं, डॉक्टर?’ असे घरचे विचारतात.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या स्टेंट उघडा ठेवतात. या गुठळीला त्या पुरत नाहीत. तिच्यासाठी वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल साधारण तीन महिने द्यावे लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप, 2 ते 3 मध्ये राखावा लागतो. त्याखाली गेला तर गुठळी विरत नाही, फार वाढला तर रक्तस्राव होतो. गोळी स्वस्त आहे. महाग पडते ती मजुरी बुडवून, एसटीने जिल्ह्याला जाऊन करायची रक्ततपासणी. मग कोणी न तपासता तोच डोस घेत राहतो, कोणी गोळीच सोडतो.

म्हणून ग्रामीण रुग्णालयात आयएनआर व्हावा आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळावा. ज्यांना तेवढेही येणे जमत नाही, त्यांच्यासाठी अपिक्साबान, रिव्हारोक्साबान सरकारी औषधसाठ्यात ठेवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये या गोळ्या वाजवी पर्याय मानल्या आहेत, आणि त्यांना आयएनआर लागत नाही. आणि टोक हलत नसलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या इकोची तारीख व जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहिणे सक्तीचे करा. या नोंदीसाठी नवे यंत्र नको, नवी इमारत नको. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल.

आपला,
तालुक्यातला एक फिजिशियन