पडदा आणि चाळिशी

येऊ घातलेल्या आयफोनचा पडदा किती इंची असेल, या विवंचनेत आमचे चिरंजीव महिनाभर आहेत. २००७ साली पहिला आयफोन आला तो साडेतीन इंची; २०१७ चा आयफोन टेन ५.८ इंची, आणि तोही ओएलईडी!

"म्हणजे काय रे?" मी मास्तरकी विसरून विचारले.

"बाबा, यात मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. काळं दाखवायचं तर चक्क विझतो."

आणि माप? ते म्हणे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके घ्यायचे!

तेवढ्यात गावाहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "अरे, तुझं तोंड काही नीट दिसत नाही."

"आजी, माझा नवा आला की हा मोठ्या पडद्याचा तुला!" चिरंजीव उदार झाले.

"तोवर माझे डोळे थांबायला हवेत ना? त्यापेक्षा दिवाळीला या. जवळून बघेन."

मी चाळिशी काढून पुसू लागलो. काच तशी स्वच्छच होती.

रात्री चिरंजीवांनी, न सांगता, त्याच फोनवर एस. टी.ची तीन तिकिटे काढली. इंचांचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.