बाळाची छाती धडधडते तेव्हा

सोलापूरकडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या सहा महिन्यांच्या नातवाला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, “इंजेक्शन देतो, त्यानं हृदय दोन क्षण थांबेल.” ते ऐकून तिच्या विहीणबाईंनी बाळाला उचललं आणि सरळ बाहेर आल्या! समजूत पटायला वेळ लागला. बाळ आता छान आहे, पण “असलं कसं हो औषध?” असं ती विचारते. प्रश्न रास्त आहे.

मैत्रिणींनो, हृदय विजेच्या बारीक इशाऱ्यांवर चालतं. इशारा वरच्या कप्प्यांतून मधल्या एका गाठीवाटे खाली उतरतो. काही मुलांत तो दुसऱ्या वाटेनं परत वर येतो आणि गोल गोल फिरत बसतो. ग्रामोफोनची सुई अडकली की एकच ओळ वाजत राहायची ना, तसं. सुई जरा उचलली की गाणं पुढं सरकायचं. हे इंजेक्शन, ॲडेनोसिन, तेच करतं. गाठ क्षणभर बंद, फेरा तुटला, की हृदय मूळ तालावर. तेव्हा ते थांबणं हाच उपचार आहे, बरं का!

हे द्रव्य आपल्या शरीरातही असतं, आणि रक्तात दहा सेकंदांच्या आत निम्मं संपतं. म्हणून ते शिरेतून झटक्यात देतात आणि पाठोपाठ सलाईन जोरात ढकलतात. सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आधीच संपायचं. नर्सबाई दोन सिरिंजा घेऊन घाई करताना दिसल्या तर तो धसमुसळेपणा नव्हे. पहिली मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे सात किलोच्या बाळाला ०.७, गुण आला नाही तर दुप्पट. मोठं मूल “आई, कसंतरी होतंय” म्हणतं, चेहरा लाल होतो, छाती आवळते. हात धरून बसावं, लगेच ओसरतं. मुलाला दमा असेल किंवा थिओफिलिन चालू असेल तर मात्र आधीच सांगा.

ओळखायचं कसं? तान्हं बाळ दूध सोडतं, फिकट पडतं, घामेजतं, भराभर श्वास घेतं. घरात लगेच “दात येताहेत” किंवा “दृष्ट लागली” सुरू होतं. मीठमोहऱ्या मागाहून, आधी छातीवर हात ठेवा. तापानं, रडण्यानंही ठोके वाढतात, पण ताप उतरला, मूल शांत झालं की कमी होतात. इथं निजलेल्या बाळाचेही मिनिटाला २२० च्या वर असतात, मोठ्या मुलाचे १८० च्या वर, आणि तेही एकाएकी. मोजू म्हटलं तर मोजता येत नाहीत. मग थांबू नका, १०८ ला फोन लावा. बाळ मलूल होऊन पडलं असेल तर डॉक्टर औषधाची वाट न बघता विजेचा सौम्य झटका देतात.

दवाखान्यात आधी बर्फाची पिशवी तोंडावर क्षणभर धरतात, मोठ्या मुलाला नळीत जोरानं फुंकायला लावतात. बर्फाचा प्रयोग आपल्या मनानं घरी नको, नाकतोंड दाबलं जायचं. डोळे दाबण्याची जुनी युक्ती तर मुळीच नको, आणि आजोबांची हृदयाची गोळी चुरून देणं त्याहून नको.

निघताना धडधड चालू असतानाची ई.सी.जी.ची पट्टी मागून घ्या. पुन्हा असं झालं तर दुसऱ्या गावचा डॉक्टर पहिली तीच मागेल. तो कागद काही वर्षांत पुसट होतो, म्हणून झेरॉक्स काढून फाइलीत ठेवा.